भट्टीची मळी आणि अक्कांचा दगड

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत बाहेरची माणसं यायची ती चांगला माल बघायला. गिऱ्हाईक असो, इन्स्पेक्टर असो, नाहीतर मालकांचे पाहुणे असोत, त्यांना दाखवायचे नग आम्ही आदल्या दिवशी पुसून, तेल लावून मांडून ठेवायचो. वाया गेलेला माल मागच्या भिंतीला, पोत्याखाली. अशा कारखान्यात एके सकाळी एक बाई लुनावरून आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "तुमच्यात वाया गेलेला माल कुठं ठेवतात? मला तेवढाच बघायचाय."

वॉचमननं त्यांना माझ्याकडं पाठवलं, कारण माल वाया गेला की पहिली शिवी मलाच मिळायची. माझं काम वाळूची ओल मोजायचं. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो आणि ती वाळू धरून राहायला थोडी ओल लागते. ती जास्त झाली की तापल्या रसापुढं तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि ती लोखंडात भोकं पाडून ठेवते. असा नग फोडून परत भट्टीत टाकायचा. थोडक्यात, जगात ओलीचा माझ्याइतका वैरी दुसरा नसेल. आणि समोर उभ्या असलेल्या बाईंचा ओलीवर जीव होता, हे मला तासाभरातच कळलं.

बाईंचं नाव शिवलीला पट्टणशेट्टी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं, त्या चाळिशीच्या आसपास असतील. हाडापेरानं मोठ्या, कपाळाला विभूती, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि पिशवीत हातोडा. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या वेशीवर. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावल्या की दोन्ही. सगळं कॉलेज त्यांना अक्का म्हणायचं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'तम्मा' करून टाकलं, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. स्वतःबद्दल बोलताना आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या, आणि वर्गात इंग्रजी पुस्तकातलं वाक्य वाचून झालं की लगेच त्याचं कोल्हापुरी करून सांगायच्या.

त्यांनी पोतं बाजूला केलं, भोकाभोकांचा एक नग उचलला आणि लहान मूल घ्यावं तसा कडेवर घेतला. मी ओशाळून म्हणालो, ओल जास्त झाली होती. त्यावर त्या खूश होऊन म्हणाल्या की नेमकं हेच त्यांना पोरांना दाखवायचंय. तापलेल्या रसाला पाणी मिळालं की तो गप बसत नाही. तो नग त्यांनी लुनाच्या पुढ्यात ठेवला, वर पाय ठेवले आणि गेल्या. त्यानंतर दर वर्षी आपली पोरं घेऊन त्या आमच्याकडं यायच्या. मालकांना बरेच दिवस वाटत होतं की ही बाई एखाद्या गिऱ्हाइकानं पाठवलेली हेर आहे.

अक्कांची एक सवय बघून पहिल्यांदा कोणीही दचकायचं. दगड हातात आला की त्या तो जिभेला लावायच्या. ओला केल्याशिवाय दगडाचा रंग दिसत नाही, आणि पाणी दरवेळी कुठून आणायचं, असा सरळ हिशोब. हॉटेलातला चहासुद्धा कपाला ओठ न लावता वरून ओतून पिणारी ही बाई रस्त्यावरची खडी बिनदिक्कत चाटायची. यजमान शाहूपुरीत गुळाचे व्यापारी, अप्पा. अतिशय शांत माणूस. गुळाच्या ढेपा बांधायच्या फडक्यांत दगड बांधलेले सापडतात, एवढीच त्यांची लग्नापासूनची तक्रार. एकदा एका ढेपेऐवजी दगड बांधलेलं फडकं गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढलं होतं म्हणे. तो दगड सांगलीपर्यंत जाऊन आला.

अक्कांचा खरा विषय म्हणजे तांबं आणि सोनं जमिनीत तयार कसं होतं. पण शिकवायच्या कोल्हापुरात, जिथं दोन्हींतलं काही सापडत नाही. त्यामुळं गावोगावची माणसं चकाकणारा दगड घेऊन त्यांच्याकडं यायची आणि हिरमुसून परत जायची. राधानगरीकडचे एक पाटील तर भांडायलाच उठले. कोल्हापुरात अमुक एक गोष्ट नाही हे त्यांच्या कानांना मुळी सोसलंच नाही.

"कोल्हापुरात न्हाय असं काय असतंय व्हय?" पाटील म्हणाले.

"पावणं, आपला दगड कोरडा हाय," अक्का म्हणाल्या. "सोन्याला ओल लागती."

हे ओलीचं प्रकरण त्या गुऱ्हाळावर नेऊन शिकवायच्या. एका वर्षी मला रविवारी बोलावलं म्हणून मीही गेलो. कसबा बावड्याच्या शिवारात गुऱ्हाळ लागलेलं. पंधराएक पोरं-पोरी चरकाभोवती उभी. अक्कांनी पदर खोचला, एक ऊस हातात घेतला आणि सांगितलं की हा समुद्राचा तळ. कोट्यवधी वर्षं पाण्यात भिजलेला. मग तो चरकात सारला. जगात काही ठिकाणी समुद्राचा तळ असाच शेजारच्या जमिनीखाली शिरतो, खोल जातो, तिथल्या दाबानं आणि उष्णतेनं पिळून निघतो. त्यातलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात घुसतं आणि खडक वितळायला लागतो. म्हणून अशा किनाऱ्यांना समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते, बेटांची माळच्या माळ. हा रस ओला असतो. त्याच्या पाण्यात गंधक असतं, मीठ असतं आणि त्यांच्या संगतीनं तांबं आणि सोनं वर येतं.

मग त्यांनी पोरांना काहिलीकडं वळवलं. रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता. अक्का काहिलीकडं न बघता खाली वाकून चुलवाणाच्या भिंतीकडं बघायला लागल्या. मातीच्या त्या भिंतीला उष्णतेनं भेगा पडल्या होत्या, आणि उतू गेलेला रस त्या भेगांत शिरून घट्ट झाला होता. काळ्या मातीत तांबूस रेघाच रेघा. त्यांनी नखानं एक रेघ खरवडली, अर्थातच चाटली आणि पोरांना म्हणाल्या, "हे बघा. खाण म्हणजे एवढंच असतंय. रस जमिनीखालीच थबकतो, निवायला लागतो, पाणी त्याला सोडून पळतं, खडक फोडतं आणि भेगांत सोनं-तांबं टाकून जातं. आपल्याकडचा, ह्या काळ्या दगडाचा रस कोरडा. भेगांतून भसाभस आला, पसरला, निवला. मागं काय ठेवलं न्हाय."

गुळव्या उलथनं हातात धरून ऐकत राहिला आणि रस थोडा करपला. त्या दिवशीचा गूळ अप्पांनी निमूटपणे विकत घेतला.

आता अक्कांच्या दगडाची गोष्ट. त्यांच्याकडं एक लाकडी पेटी होती, आत मऊ कापडात गुंडाळलेला मुठीएवढा काळा दगड. जड, काचेसारखी चमक, अंगावर हिरवट बुरा आणि मधेच पिवळे ठिपके. अक्कांचे स्वतःचे प्राध्यापक परदेशी एका परिषदेला गेले होते. तिथून, त्या ज्वालामुखींच्या बेटांवरून, त्यांनी आपल्या लाडक्या विद्यार्थिनीसाठी तो आणला होता. तांबं आणि सोनं असलेला खडक. दर वर्षी एका दिवशी पेटी उघडायची. पोरांनी हात धुऊन यायचं, ओंजळीत दगड घ्यायचा, बघायचा, पुढं द्यायचा. प्राध्यापक कधीचेच वारले होते. तेवढा एक दगड मात्र अक्कांनी कधी जिभेला लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, देवाला कोण चाटतंय.

तो दगड त्यांनी एकदा फौंड्रीत आणला, तो कांबळे मामांसाठी. मामा आमचे भट्टीवाले. भट्टी निव्वळ रंगावरून ओळखायचे. शिरोलीत यायच्या आधी पितळ ओतायच्या कारखान्यात दहा वर्षं काढलेली. माणूस गोड, पण बोलणं सरळ. अक्कांच्या पोरांना भट्टीपासून किती हात लांब उभं राहायचं ते दर वर्षी तेच ओरडून सांगायचे. अक्कांच्या मनात आलं, हा माणूस इतकी वर्षं आपल्याला त्याची भट्टी दाखवतोय, आपण त्याला आपली दाखवावी. म्हणून सगळ्या पोरांसमोर पेटी उघडून त्यांनी तो दगड मामांच्या हातात दिला.

मामांनी तो दोनदा तळहातावर झेलला. उजेडात धरला. अंगठ्यानं हिरवा बुरा पुसला. आणि म्हणाले, "अक्का, ह्यो स्लॅग हाय. तांब्याच्या भट्टीची मळी."

मी मामांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही. मामा आपल्याच तंद्रीत सांगत राहिले की पितळेच्या कारखान्यात असले ढीग पडलेले असायचे, ते खड्डे बुजवायला टाकायचे. पोरं अक्कांच्या तोंडाकडं बघत होती. अक्कांनी पिशवीतला आपला हातोडा काढून मामांपुढं धरला.

"फोडा," त्या म्हणाल्या.

मामांना आता कुठं आपण काय बोलून बसलो ते कळलं. ते नको म्हणायला लागले. अक्कांनी परत तेच सांगितलं. एका घावात दगडाचे दोन तुकडे झाले. आत भोकं होती, आमच्या वाया गेलेल्या नगात असतात तशी. आणि एका भोकात अर्धवट जळलेला दगडी कोळशाचा तुकडा होता, वाटाण्याएवढा. कुठल्याही ज्वालामुखीच्या रसात असा कोळसा शिल्लक राहत नाही, हे माझ्यासारख्या वाळूवाल्यालाही समजत होतं.

अक्का पालथ्या घातलेल्या एका घमेल्यावर बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी कोळशाचा तो तुकडा नखानं काढला, निरखला, आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग घमेलं हलायला लागलं. वीस वर्षं हात धुऊन पोरांना मळीचं दर्शन घडवलं म्हणाल्या, आणि डोळे पुसत परत हसल्या. पोरंही हसली. मामा तेवढे हसले नाहीत. ते भट्टीच्या मागं जाऊन उभे राहिले.

पोरांची बस गेल्यावर मात्र अक्कांचा चेहरा उतरला. मी आपला समजूत घालायला गेलो की कुणाला काय लक्षात राहतंय, आजची पोरं सोडली तर बाकीच्यांना कळणारही नाही.

"तम्मा, गोष्ट खरी हाय, साक्षीदार खोटा निघाला," त्या म्हणाल्या. "उद्या पोरांना दुसरीकडून कळलं की दगड खोटा होता, तर ती गोष्टपण खोटी धरतील. आणि सरांना नावं ठेवतील. सरांनी मायेनं दिलं. कापून बघायचं काम माझं होतं, मी बघितलो न्हाय."

म्हणजे त्यांना बोचत होतं ते हे. फजिती झाली ती झाली. पण आपण शिकवलेली गोष्ट आता कोण खरी मानणार, आणि मानावी तर दाखवायला हातात काय, हा तो काटा होता.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी कॉलेजची प्रवेशाची जुनी रजिस्टरं मागवली आणि वीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे घरचे पत्ते काढले. अडीचशेच्या वर भरले. मग पोस्टकार्डं आणली. मजकूर त्या स्वतः लिहायच्या, पत्ता अप्पा लिहायचे, कारण गुळाच्या पावत्या लिहून त्यांचं अक्षर टपोरं झालं होतं. मजकूर सगळ्यांना सारखाच. 'मी तुम्हाला पेटीतला जो खडक दाखवला तो खडक नसून भट्टीची मळी आहे, असे फोडून पाहता आढळले. न तपासता दाखवला ही चूक माझी. ज्वालामुखी, पाणी आणि सोने यांविषयी जे सांगितले ते बरोबर आहे, ते तसेच ठेवावे. दगड तेवढा मनातून काढून टाकावा.'

उत्तरं यायला लागली तशी अक्कांनी ती मला वाचून दाखवली. एका बँक अधिकाऱ्याला दगड मुळीच आठवत नव्हता, गुऱ्हाळावरचा गूळ आठवत होता. एकानं लिहिलं की तो आता औषधांचं दुकान चालवतो, तरी त्यानं नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळवावं. एका शाळामास्तरीणबाईंनी कळवलं की पत्र त्यांनी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं, आणि चुकलं तर कबूल कसं करायचं याचा तास त्यावर घेतला. नुसती पत्रं नाहीत, लोकांनी दगडही पाठवले. कोकणातून, विदर्भातून, कर्नाटकातल्या खाणीवरून. अप्पांच्या दुकानात गुळापेक्षा दगडांची आवक जास्त झाली. अक्का प्रत्येक दगड चाटायच्या, छान आहे म्हणायच्या, पण ज्वालामुखींच्या माळेतला त्यांतला एकही नव्हता.

कांबळे मामा मात्र अक्का आल्या की दिसेनासे व्हायचे. शेवटी एकदा त्यांनी मामांना भट्टीमागं गाठलं आणि कॉलेजात चला म्हणाल्या. मळी कशी ओळखायची हे पोरांना शिकवायचं. मामा आठवी नापास. मी कसला शिकवतोय, म्हणत त्यांनी बरीच टाळाटाळ केली. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि तासाचे दोन तास बोलून आले. पुढं दर वर्षी अक्कांच्या वेळापत्रकात 'कांबळे मामा' असा एक तास असायचा. मामांनी त्या कागदाची झेरॉक्स घरात फ्रेम करून लावली.

अशी सात-आठ वर्षं गेली. अक्का सेवानिवृत्त झाल्या, बावड्याला नव्या वसाहतीत घर बांधून राहिल्या. फौंड्रीत जुनी भट्टी जाऊन विजेची आली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी अक्का लुनावरच होत्या. मळीचे तुकडे त्यांनी टाकले नव्हते, आणि रिकामी पेटी कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. मी गेलो की माझी नजर तिकडं जायची आणि त्या विषय बदलायच्या.

आणि एक दिवस, मामांच्या निवृत्तीला महिनाभर राहिला असताना, अक्का फौंड्रीच्या गेटातून लुना न थांबवता थेट आत आल्या. मागं एक उन्हानं रापलेला माणूस बसला होता. तो मगदूम, त्यांचा कागलचा जुना विद्यार्थी. अतिपूर्वेकडच्या बेटांवर तांब्या-सोन्याच्या खाणीत नोकरीला होता. अक्कांचं कार्ड त्याच्या वडिलांना मिळालं होतं, त्यांनी फोनवर वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात होतं. कंपनीकडून रीतसर कागद घेऊन त्यानं यंदाच्या सुट्टीत एक दगड आणला होता. विमानतळावर दोन तास बसवून ठेवलं म्हणे त्याला. तो दगड अक्कांनी अजून नीट बघितलाही नव्हता. फडक्यात बांधून सरळ शिरोली गाठली होती.

"मामा," त्या म्हणाल्या, "आधी फोडा. मग बोला."

मगदूमचा चेहरा बघण्यासारखा झाला. समुद्र ओलांडून जिवापाड जपून आणलेली वस्तू. पण मामांनी हातोडा घेतला, दगड पायरीवर ठेवला आणि एक घाव घातला. फिकट राखाडी खडक, आणि त्यात पांढऱ्या रेघांचं जाळं, चुलवाणाच्या भिंतीला असायचं तसंच. रेघांच्या मधून पितळी रंगाचे बारीक कण. भोक एकही नाही. कोळसा नाही.

मामांनी दोन्ही तुकडे झेलून बघितले, उजेडात फिरवले, नखानं रेघ खरवडली. इतका वेळ लावला की मला राहवेना. अक्का पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या, आणि त्या मुठीकडं बघून मला कळलं की ही बाई आठ वर्षं याच एका निकालाची वाट बघत होती.

मामांनी तुकडे त्यांच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हाय, अक्का. ह्यो तुमचा हाय."

अक्कांनी एक तुकडा मामांना परत दिला, एक स्वतःकडं ठेवला. आणि भर दुपारी, विजेच्या भट्टीसमोर, साठी ओलांडलेली ती बाई आणि साठीला टेकलेला तो माणूस, दोघांनी तो दगड जिभेला लावला. ओला झाल्यावर पिवळे कण लखलखले. हे पिवळं तांब्याचं, सोनं यात डोळ्यांना दिसत नाही, अक्का सांगत होत्या, पण आहे. मामा मान हलवत होते. मला इतका आनंद झाला की मी वाळूची ओल मोजायची विसरलो, आणि त्या पाळीचे चार नग वाया गेले. ते मी पोत्याखाली लपवले नाहीत.

बसा म्हणेपर्यंत अक्का लुनावर चढल्या होत्या. एवढी घाई कसली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पोस्ट बंद होईल.

चार दिवसांनी मलाही कार्ड आलं, मी त्यांचा विद्यार्थी नसताना. पत्ता अप्पांच्या अक्षरात होता, आता थोडा थरथरता. 'खडक आला आहे. खरा आहे. फोडून पाहिला. रविवारी सकाळी घरी येऊन पाहून जावे.'

मी गेलो तेव्हा बावड्याच्या त्या घरापुढं चपलांचा ढीग पडला होता. बँकवाले, औषधवाले, मास्तरीणबाई, आपापली पोरंबाळं घेऊन आलेले. व्हरांड्यात मधोमध खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टातले कांबळे मामा. आणि दारात तांब्या घेऊन अक्का. शेजारी ती पेटी उघडी होती आणि तिच्यात मळी आणि खडक दोन्ही होते. येणाऱ्याच्या हातावर त्या आधी मळीचा तुकडा ठेवत होत्या, तो नीट बघून झाल्याशिवाय दुसरा देत नव्हत्या. माझी पाळी आली तेव्हा मी हात धुवायला तांब्याकडं वळलो.

"हात कशाला धुतोस, तम्मा," अक्का म्हणाल्या. "चाट की."